केसपेपरवरची तुमची सही: नव्या स्टाफ नर्ससाठी कायद्याची पायरी-पायरीने ओळख

१ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. त्या दिवशी आमच्या वॉर्डात नेहमीसारखीच मॉर्निंग ड्युटी लागली, ओव्हर (एका ड्युटीने पुढच्या ड्युटीला वॉर्ड सोपवणं) झाली, ट्रॉली फिरली. आपल्या कामाशी थेट संबंध असलेलं एक कलम त्या सकाळपासून बदललं आहे, हे कुणाच्या बोलण्यातही आलं नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर जुन्या ३०४-अ कलमात सगळ्यांनाच जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. आताच्या कलम १०६ (१) मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना असं घडलं, तर मात्र कमाल शिक्षा दोनच वर्षं. हा व्यावसायिक कोण, तेही कलमाच्या स्पष्टीकरणात दिलं आहे: ज्याचं नाव राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत आहे तो. परिचारिका परिषदेची नोंदवही त्यात धरलेली नाही. एकाच पेशंटजवळ डॉक्टर आणि सिस्टर उभे असतात, पण कायद्याने दोघांसाठी कमाल शिक्षा वेगळी ठेवली आहे.

तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. ही तफावत मला अन्यायाची वाटते आणि ती दूर व्हावी असं मनापासून वाटतं. पण ती आहे तोवर पहिल्या दिवसापासून स्वतःला कसं सांभाळायचं, हे कुणीतरी नीट सांगायला हवं. कॉलेजात हा विषय दोन-चार तासांत उरकतात. मी बावीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. त्यात शिकलेलं इथे क्रमाने सांगते. ब्रदर्सनाही यातलं सगळं तसंच लागू आहे.

पहिली पायरी: नोंदवहीतलं नाव

नर्सिंगचा कोर्स जीएनएम असो, बीएस्सी असो की एएनएम, महाराष्ट्रात काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदलेलं हवं. त्याला महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ चा आधार आहे. देशपातळीवर १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग अधिनियम, २०२३ मंजूर झाला आहे. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायचं असतं, आणि बाळंतपणाच्या रजेत किंवा बदलीच्या धावपळीत नेमकं तेच राहून जातं. कार्डावरची तारीख आजच मोबाईलमध्ये टाका आणि तीन महिने आधीची आठवण लावा.

हे मी पहिलं का सांगते? सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचा निकाल आहे. टायफॉइड झालेल्या एका लहान मुलाला डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाऐवजी क्लोरोक्विनचं इंजेक्शन शिरेतून दिलं गेलं. हृदय थांबलं, मेंदूला कायमची इजा झाली. इंजेक्शन देणारी नर्स कुठल्याच राज्याच्या परिषदेकडे नोंदलेली नव्हती, हे चौकशीत पुढे आलं. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांना त्यांच्या वेदनेपोटी पाच लाख रुपये हॉस्पिटलला भरावे लागले. छोट्या नर्सिंग होममध्ये 'नोंदणी नंतर बघू, आधी ड्युटीवर ये' असं कुणी म्हणालं, तर हे प्रकरण आठवा.

दुसरी पायरी: कोण कुठे जाब विचारू शकतं

एकाच घटनेबद्दल चार ठिकाणी जाब द्यावा लागू शकतो. पोलिस आणि फौजदारी न्यायालय. ग्राहक आयोग. परिचर्या परिषद, जी समज देऊ शकते किंवा नोंदवहीतून नाव काढू शकते. आणि सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ खालची विभागीय चौकशी. एका ठिकाणी सुटलात म्हणजे बाकीच्या तीन ठिकाणीही सुटलात, असं नसतं.

ग्राहक कायदा आपल्या क्षेत्राला लागू असल्याचं १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. ज्या रुग्णालयात सगळ्यांनाच पूर्ण मोफत सेवा मिळते ते यातून बाहेर राहतं. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत सेवा देतात, तिथे मोफतवाला पेशंटही तक्रार करू शकतो. तक्रारीची मुदत दोन वर्षं. भरपाईचा मुख्य भार हॉस्पिटलवर पडतो, कारण नोकराच्या कामाला मालक जबाबदार असतो. पण नर्सलाही प्रतिवादी करता येतं, आणि फौजदारी जबाबदारी तर मालक स्वतःवर घेऊच शकत नाही. ती ज्याची त्याचीच.

निष्काळजीपणा मोजतात कसा? तुमच्या जागी, तुमच्याइतकं शिक्षण असलेली साधारण सावध सिस्टर त्या वेळी काय करती, याच्याशी ताडून. सर्वात हुशार सिस्टर काय करती, हे बघत नाहीत. फौजदारी गुन्ह्यासाठी तर निष्काळजीपणा फार ठळक, घोर असावा लागतो, असं २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने सांगितलं. ते प्रकरण लुधियानाचं: श्वास लागलेल्या पेशंटला ऑक्सिजन लावायला गेले तर सिलिंडर रिकामा निघाला. डॉक्टरांवरचा फौजदारी खटला न्यायालयाने रद्द केला, दिवाणी जबाबदारीचा प्रश्न वेगळा ठेवला. निकालाची भाषा डॉक्टरांसंदर्भात आहे, तरी निष्काळजीपणाची ती कसोटी आपल्या वकिलालाही मांडता येते. मला त्यातला रिकामा सिलिंडर जास्त आठवतो. भरलेला सिलिंडर कुणी तपासायचा, हे कायद्याच्या आधी वॉर्डातच ठरलेलं असतं.

तिसरी पायरी: ओव्हर घेताना

ओव्हर घेतली, रजिस्टरवर सही केली, की त्या क्षणापासून वॉर्ड तुमचा. म्हणून सही शेवटी करायची. आधी बेडपाशी जाऊन बघायचं: पेशंट आहे का, हातावरचा टॅग बरोबर आहे का, सलाईन चालू आहे का, शीर सुजली आहे का, ड्रेन (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) आणि लघवीच्या पिशवीत किती आहे, रेलिंग वर आहे का. क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) उघडून बघा. सक्शन लावून बघा. सिलिंडरचा काटा बघा. मॉर्फिन, फेंटानिलच्या अँप्यूल रजिस्टरशी मोजून जुळवा. एक कमी असेल तर घरी निघालेल्या सिस्टरला थांबवा, तिला राग आला तरी.

चौथी पायरी: औषध

योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, योग्य नोंद. हे सगळ्यांना पाठ असतं. घात होतो तो खालच्या दोन-तीन जागी.

इन्सुलिन. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची, दोन्ही ताकदीची बाटली मिळते. सिरिंजही वेगळी: ४० साठी लाल टोपण, १०० साठी केशरी. १०० युनिटची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी जमली, तर पेशंटला अडीचपट डोस जातो. नातेवाईक बाहेरच्या दुकानातून बाटली आणतात तेव्हा हे हमखास घडू शकतं. ऑर्डरवर फक्त '१२ युनिट' असेल तरी बाटली आणि सिरिंज दोन्ही डोळ्यांनी बघा, आणि शेजारच्या सिस्टरला दाखवा.

पोटॅशियम क्लोराईड. १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं. ते कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही. नेहमी पातळ करून, ठरलेल्या वेगाने, मिसळून हलवूनच. आमच्या वॉर्डात ते इतर अँप्यूलच्या ट्रेमध्ये ठेवायचंच नाही, वेगळ्या डब्यात लाल चिठ्ठी लावून ठेवायचं, असा नियम मी केला आहे. तुमच्याकडे तसं नसेल तर इन्चार्ज सिस्टरला सुचवा. नवीन आहात म्हणून सुचवू नये, असं काही नाही.

रक्त. पिशवीवरचा क्रमांक, गट, मुदत, पेशंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक दोघींनी मिळून, बेडपाशी, मोठ्याने वाचायचं. पहिली पंधरा मिनिटं तिथून हलायचं नाही. चुकीच्या गटाचं रक्त चढवणं ही साधी काळजी घेणाऱ्या कुठल्याच हॉस्पिटलकडून न होणारी चूक आहे, अशा अर्थाचं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलं आहे. तिथे बचावाला फारशी जागा उरत नाही.

आणि कामं वाटून देताना: मावशींना सलाईन बदलायला सांगू नका. विद्यार्थिनीने इंजेक्शन दिलं तर तुम्ही शेजारी उभ्या हव्यात. दुसरीने भरलेली सिरिंज तुम्ही देऊ नका. हात कुणाचा होता यापेक्षा काम कुणाकडे सोपवलेलं होतं, हे विचारलं जातं.

पाचवी पायरी: लिहिणं

इथे मी थांबून बोलणार आहे, कारण माझ्यावर आलेली वेळ इथलीच होती. नोकरीचं दुसरं वर्ष, एक छोटं हॉस्पिटल, नाईट ड्युटी. ऑपरेशन झालेल्या एका बाईंची नाडी वाढत होती, ड्रेसिंग ओलं होत होतं. मी डॉक्टरांना दोनदा फोन केला. ते सकाळी आले. बाई वाचल्या, पण पुन्हा ऑपरेशन करावं लागलं आणि घरच्यांनी तक्रार केली. चौकशीत डॉक्टर म्हणाले, मला कुणी फोन केलाच नाही. मी केसपेपर उघडला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'रात्री पेशंट कम्फर्टेबल.' पहाटे पाच वाजता सगळ्या पेशंटसाठी एकदमच लिहिण्याची सवय होती, तसं ते लिहून गेले होते. मोबाईल कंपनीकडून कॉलचा तपशील मिळाला म्हणून मी वाचले. तो मिळाला नसता तर माझ्याविरुद्धची साक्षीदार मीच होते.

तेव्हापासून मी असं लिहिते: '०१.१० – नाडी ११८, रक्तदाब ९४/६०, ड्रेसिंगमधून ताजा रक्तस्राव, ड्रेनमध्ये १८० मिली. ०१.१५ – ड्युटी डॉक्टरांना फोनवर कळवले. सूचना: सलाईन जलद, रक्त मागवा. ०१.२० – सूचना वाचून दाखवली, त्यांनी हो म्हटले. ०१.४० – डॉक्टर आले नाहीत, पुन्हा फोन. ०१.४५ – परिसेविकांना कळवले.' (परिसेविका म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर.) या नोंदीत मत नाही, राग नाही, कुणाची तक्रार नाही. जे डोळ्यांनी बघितलं, मोजलं, ऐकलं आणि केलं, तेवढंच आहे.

काही गोष्टी कधीच करू नका. द्यायच्या आधीच औषध दिल्याची टिक. व्हाइटनर. पान फाडणं. दुसरीसाठी सही. चुकलं तर एकच रेघ मारा, खालचं वाचता यायला हवं, शेजारी सही आणि वेळ. उशिरा आठवलं तर 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून आत्ताची वेळ टाका. अक्षर, शाई आणि वेळ यांचा मेळ बसत नसेल तर ते लपत नाही, आणि एक ओळ खोटी निघाली की उरलेल्या सगळ्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास जातो.

सहावी पायरी: शंका आली तर

'डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं' हा पूर्ण बचाव नाही. डोस उघडच चुकीचा दिसत असेल तर साधारण सावध सिस्टर विचारती, असंच म्हटलं जाईल. विचारण्याची पद्धत साधी ठेवा: 'सर, मुलाचं वजन ९ किलो आहे, हा डोस एकदा बघाल का?' वजन, ॲलर्जी, रिपोर्ट यातलं काहीतरी हातात धरून विचारलं की बहुतेक डॉक्टर उलट आभार मानतात. उत्तर पटलं नाही तर औषध देऊ नका. वरिष्ठ डॉक्टर, परिसेविका, अधिसेविका (मेट्रन) या क्रमाने कळवा आणि प्रत्येक वेळ लिहा.

फोनवरची ऑर्डर तातडीतच घ्यायची, आणि घेतली की वाचून दाखवायची. डॉक्टरांची सही ठरलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी २४ तासांत, घ्यायचीच. व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डर केसपेपरवर उतरवल्याशिवाय ऑर्डर समजू नका.

सातवी पायरी: संमतीपत्रावरची सही

संमतीपत्रावर तुम्ही साक्षीदार असता. काय करणार, धोका काय, दुसरा पर्याय काय, हे समजावण्याचं काम डॉक्टरांचं. ते झालंच नसेल तर कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवू नका. पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर सही त्याचीच, नातेवाइकाची नाही. एका कामासाठी घेतलेली संमती दुसऱ्या कामाला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये बजावलं आहे. गर्भपातासाठी सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, तरी अजून कितीतरी ठिकाणी ती नसल्याने बाईला परत पाठवतात. तुमच्या टेबलावरून तरी कुणाला परत पाठवू नका.

आठवी पायरी: पोलिस केस, मुलं, गुपितं

एमएलसीत (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिस केसमध्ये) पेशंटचे कपडे धुवू नका, फेकू नका. जठर धुतलेलं पाणी, नमुने, कपडे सील करून कुणाच्या हातात कधी दिले ते सही घेऊन लिहा.

लैंगिक अत्याचार किंवा ॲसिड हल्ल्याच्या पीडितेला सरकारी असो वा खासगी, कुठल्याही हॉस्पिटलने लगेच मोफत उपचार द्यायचे आहेत आणि पोलिसांना कळवायचं आहे. 'आधी पोलिस स्टेशनला जाऊन या' म्हणणं हा गुन्हा आहे. अठरा वर्षांखालची मुलगी पोटुशी राहून आली, मग ती लग्न झालेली असली तरी, पोक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आईवडील पाया पडतात, मन द्रवतं, मला ते माहीत आहे. मुलीशी प्रेमाने बोला, आणि डॉक्टरांना व वरिष्ठांना लगेच सांगून नोंद करा.

गर्भाचं लिंग शब्दाने, खुणेने, पेढे-जिलेबीच्या भाषेनेही सांगायचं नाही. एचआयव्हीचा रिपोर्ट बेडवर टांगायचा नाही, फाईलवर मोठ्या लाल अक्षरांत लिहायचा नाही. पेशंटचा फोटो स्टेटसला कधीच नाही.

नववी पायरी: माणसं कमी असली तर

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आयसीयूत आग लागली. दोन्ही ठिकाणी पुढे परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. वायरिंग, यंत्रं, अग्निशमन यातलं काहीच आपल्या हातात नसतं, तरी त्या वेळी ड्युटीवर कोण होतं हे पहिलं विचारलं जातं. त्या बाळांचं दुःख आणि त्या सिस्टर्सचं दुःख, दोन्ही मला एकाच वेळी जाणवतं.

म्हणून लेखी कळवायची सवय लावा. दोघींवर साठ पेशंट असतील, वॉर्मरच्या प्लगमधून ठिणगी येत असेल, मॉनिटर बंद असेल, तर दोन ओळींचं पत्र परिसेविकांमार्फत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्या. ती प्रत घरी ठेवा. पत्र दिलं म्हणून आपली जबाबदारी संपत नाही, जमेल तेवढी काळजी घ्यावीच लागते. पण धोका माहीत असून दुरुस्त न करणारं कोण होतं, हे त्या क्रमांकावरून कळतं. आणि आगीच्या वेळी ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे बंद होतो, बाहेरचा दुसरा रस्ता कुठला, हे पहिल्याच आठवड्यात स्वतः चालत जाऊन बघून या.

दहावी पायरी: काही घडलंच तर

आधी पेशंट. डॉक्टरांना बोलवा, जे दिलं गेलं ते खरं सांगा, कारण उतारा त्यावर ठरतो. रिकामी अँप्यूल, सिरिंज, पिशवी जपून ठेवा. मग नोंद, मग घटनेचा अहवाल. वॉर्डाच्या ग्रुपवर एक शब्द लिहू नका. मूळ केसपेपरला नंतर हात लावू नका. प्रत हवी तर अधीक्षकांकडे अर्ज करा.

जमाव अंगावर आला तर महाराष्ट्राचा २०१० चा कायदा परिचारिकांनाही संरक्षण देतो. हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ग्राहक आयोगाची नोटीस आली तर ३० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, फार तर १५ दिवस वाढवून मिळतात, त्यापुढे नाही. पाकीट टेबलाच्या खणात पडून राहू देऊ नका. व्यावसायिक विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा. नसेल तर या महिन्यातच काढा, आणि त्यात खंड पडू देऊ नका.

पोलिस आले तर घाबरू नका. कलम १०६ (१) चा गुन्हा जामीनपात्र आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी हजर राहण्याची नोटीस देतात. ती घ्या, वकिलासोबत ठरल्या वेळी जा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन करावी लागते. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर स्त्रीला घराबाहेर कुठेही बोलावता येत नाही. नाईटवरून थकून आला असाल तर तसं सांगा आणि दिवसाची वेळ मागा. जबाब पूर्ण वाचून घ्या, चुकलेलं तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगा. त्या जबाबाखाली मात्र तुमची सही लागत नाही. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर देणाऱ्याने सही करायची नसते, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलिस तपास आणि खटल्याच्या पद्धतीचा कायदा) कलम १८१ मध्ये आहे. सही मागितली तर शांतपणे तो कलम क्रमांक सांगा आणि वकिलांना फोन लावा.